मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आकाशातले आणि घरातले

आपल्या समाजातील क्वचितच एखादे व्यापारी कुटुंब असे असेल, की ज्याचा एकही सदस्य आज परदेशात नाही. कोणाचा मुलगा न्यू जर्सीत संगणक क्षेत्रात नोकरी करतो, कोणाची कन्या विवाहानंतर तेथे स्थायिक झाली आहे, कोणाचा पुतण्या न्यूयॉर्कच्या सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरील हिऱ्यांच्या बाजारात बसतो. सुट्टी लागली की आई-वडिलांना तिकडून बोलावणे येते. नातवंडाचा जन्म असो, मुलाचे नवे घर असो किंवा तेथील मंदिरातील प्रतिष्ठा-महोत्सव असो, सत्तरीच्या उंबरठ्यावरील श्रावक-श्राविका आज सोळा तासांचा विमानप्रवास करू लागल्या आहेत.

व्यापारी माणसाचा पहिला प्रश्न असतो, "अंतर किती आणि वेळ किती?" प्रश्न साधा वाटतो, पण मुंबई-न्यूयॉर्कच्या बाबतीत त्याचे उत्तर ऋतूप्रमाणे, दिशेप्रमाणे आणि जगाच्या राजकारणाप्रमाणे बदलते. चौविहार, नवकारशी पाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तर या प्रवासात दिवस आणि रात्र यांचेही माप बदलून जाते. म्हणून हा सारा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

सरळ रेषा कोणती?

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला, तर न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आणि किंचित उत्तरेला दिसते. त्यामुळे विमान अरबी समुद्र, अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर असा मार्ग धरत असेल, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात जवळचा मार्ग तो नव्हे.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्यावा. त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर ठेवून तो ताणावा. दोरा पश्चिमेकडे न जाता वायव्येकडे, तोही बराचसा उत्तरेकडे झुकून निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून तो मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या परिसरातून जातो. पुढे स्वीडन, नॉर्वे आणि आइसलँड लागतात. ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून तो कॅनडात उतरतो आणि तेथून न्यूयॉर्कला पोहोचतो. या मार्गाचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू सुमारे ६५ अंश अक्षांशावर येतो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क जवळजवळ ४१ अंशांवर असताना मार्ग मात्र ध्रुवप्रदेशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन येतो. गोलावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड रेषा सपाट कागदावर वाकडी दिसते, एवढेच याचे रहस्य.

जाताना सोळा, येताना चौदा

मोठे प्रवासी विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५५० ला ९०० ने भागले तर उत्तर येते जेमतेम चौदा तास. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकात सुमारे सोळा तास लिहिलेले असतात आणि परतीच्या प्रवासाला सुमारे चौदा. दोन शहरांमधले अंतर तेच असताना हा फरक कोठून येतो?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून असे होत असावे, असे पुष्कळांना वाटते. तसे थेट काही होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते. खरे कारण वाऱ्याचे आहे. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर, विमाने ज्या उंचीवरून उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान झोत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक असणे नेहमीचे आहे. हिवाळ्यात तो कधी कधी तीनशेच्याही पुढे जातो.

हिशेब असा करावा. साऱ्या मार्गावर मिळून सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ९०० चे ८५० उरतात आणि प्रवास पावणेपंधरा तासांचा होतो. तोच वारा पाठीमागून मिळाला, तर वेग ९५० होतो आणि सव्वातेरा तास पुरतात. म्हणजे केवळ वाऱ्यामुळे दीड तासाचा फरक पडला. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान दारातून निघाल्यापासून दुसऱ्या दाराशी लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि विमानतळावर उतरण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांची तरतूद तिच्यात केलेली असते. मार्ग थोडा वळवावा लागतो तो वेगळाच. हे सारे मिळवले की सोळा तासांचे कोडे सुटते.

विमानाचा मार्ग ठरवणारे लोक म्हणूनच किलोमीटर कमी, एवढ्यावर समाधान मानत नाहीत. एअर इंडियाने २०१६ मध्ये आपले दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास सुरुवात केली. नवा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरनी लांब होता. तरीही पाठीमागून वारा मिळाल्यामुळे विमान जवळजवळ दोन तास आधी पोहोचू लागले. लांबचा रस्ता कधी कधी स्वस्त आणि जलद पडतो, हे मालवाहतुकीचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

इंधनाचा हिशेबही असाच लक्षात घेण्याजोगा आहे. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. उड्डाणाच्या वेळी या विमानाचे कमाल वजन साधारण साडेतीनशे टन असते आणि टाक्या पूर्ण भरल्या, तर त्यातील सुमारे दोन-पंचमांश भार केवळ इंधनाचा असतो. पहिल्या तासांतील बरेचसे इंधन पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यात खर्ची पडते. म्हणून मार्ग एक तासाने वाढला की खर्च केवळ त्या तासापुरता वाढत नाही. प्रसंगी प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो, नाहीतर वाटेत इंधनासाठी उतरावे लागते.

आकाशालाही दारे असतात

दोऱ्याने दाखवलेला मार्ग पुन्हा एकदा आठवावा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया ही त्यातील नावे वाचली की पुढची अडचण आपोआप कळते. प्रत्येक देशाच्या भूमीवरचे आकाश त्या देशाच्या अधिकारात असते आणि तो ते बंद करू शकतो.

२०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतातून जाणाऱ्या बहुतेक विमानांना बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाले. अशा वेळी मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जाते आणि पश्चिम आशिया व युरोप ओलांडून अटलांटिक गाठते. दिल्लीच्या मानाने मुंबईला ही झळ कमी बसते, कारण मुंबईसमोर समुद्राचा मोकळा रस्ता आहे. पण त्या रस्त्यालाही अडथळे येतात. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएल यांच्यातील संघर्षामुळे पश्चिम आशियातील अनेक देशांनी आपले आकाश काही काळ बंद केले आणि हजारो प्रवासी वाटेत अडकले. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद आहे; त्यामुळे एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांचे मार्गही सारखे राहिलेले नाहीत.

यातून घ्यायचा व्यावहारिक बोध एवढाच, की तिकीट काढताना छापलेली वेळ ही अंदाजाची असते. विवाह, दीक्षा-महोत्सव, प्रतिष्ठा अशा मुहूर्ताच्या कार्यासाठी निघायचे असेल, तर आदल्या दिवशी पोहोचणारे तिकीट काढू नये. मध्ये किमान दोन दिवस ठेवावेत.

महिनाभरापासून सोळा तासांपर्यंत

हे अंतर आपल्या समाजाला आज प्रथमच भेटलेले नाही. १८९३ मध्ये शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली, तेव्हा तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले होते. साधूच्या आचारात वाहनाचा प्रवास बसत नाही. म्हणून त्यांनी महुवा येथे जन्मलेले तरुण विद्वान वीरचंद राघवजी गांधी यांना आपल्या वतीने पाठवले. त्या वेळी सुएझ कालव्यातून इंग्लंड आणि तेथून अटलांटिक ओलांडून अमेरिका, असा जलप्रवास महिनाभर चाले. वीरचंदभाईंनी तेथे आहाराचे नियम सांभाळले, जैन दर्शनावर व्याख्याने दिली. तरीही समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काहींनी त्यांना विरोध केला. सदतीस वर्षांच्याही आत, १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अंतर झपाट्याने आक्रसले. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा अशा थांब्यांनी लंडनला निघाले. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ या जेट विमानाने ही सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत वाढली. २००७ मध्ये एअर इंडियाचे विमान मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जाऊ लागले. मुनी सुशीलकुमारजी १९७५ मध्ये विमानाने अमेरिकेला गेले, तेव्हा साधूने विमानात बसावे की नाही, यावर समाजात मोठी चर्चा झाली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतील ब्लेअर्सटाउन येथे सिद्धाचलम हे तीर्थ स्थापन केले. आज न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एल्महर्स्ट येथेही जैन मंदिर आहे. जेथे वीरचंदभाईंना कोणी ओळखीचे नव्हते, तेथे आज आपल्या मुलांना दर्शनाची सोय आहे.

चोवीस तासांची रात्र

आता एका निराळ्या हिशेबाकडे वळू. घरातील ज्येष्ठांना तो तिकिटाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास निघाले असे धरू. सोळा तासांनी, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी साडेपाचला, ते न्यूयॉर्कला पोहोचते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. म्हणून तेथे तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईला सूर्यास्त होतो सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास आणि न्यूयॉर्कला सूर्योदय होतो सकाळी सव्वासातच्या सुमारास. ही सव्वासातची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे पावणेसहा होतात.

म्हणजे मुंबईत घरी चौविहाराचे पच्चक्खाण घेतलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत जवळजवळ पावणेचोवीस तास जातात. विमान सूर्याच्या पुढे पुढे पळत राहते, त्यामुळे वाटेत कोठेही उजाडत नाही. त्यात नवकारशीच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, मिळवली तर पाण्याचा पहिला घोट साडेचोवीस तासांनी येतो. घेतले होते रात्रीचे पच्चक्खाण आणि प्रत्यक्षात घडला तो निर्जळ उपवास. ज्यांना तपाचा अभ्यास आहे, त्यांना ही अडचण वाटणार नाही. पण मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या सत्तरीतील व्यक्तीने विमानाच्या कोरड्या हवेत चोवीस तास पाण्याविना बसणे धोक्याचे आहे.

उन्हाळ्यात चित्र पालटते. जूनमध्ये उत्तर अक्षांशांवर दिवस फार मोठा असतो. तेच रात्री निघालेले विमान निम्मा मार्ग कापण्यापूर्वीच उजेडात येते आणि मग न्यूयॉर्कला उतरेपर्यंत सूर्य मावळत नाही.

परतीच्या प्रवासात याच्या उलट घडते. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कहून दुपारी साडेबाराच्या सुमारास निघालेले विमान पूर्वेकडे, म्हणजे येणाऱ्या रात्रीच्या दिशेने जाते. उड्डाणानंतर साधारण दोन तासांतच सूर्यास्त होतो आणि आठ-नऊ तासांत पुन्हा उजाडते. न्यूयॉर्कची हिवाळी रात्र साडेचौदा तासांहून मोठी असते. ती येथे एवढी आखडते. चौविहार पाळणाऱ्याने विमानातील पहिले जेवण येईल तेव्हा पाहू, असे म्हणून थांबणे योग्य नाही. निघण्यापूर्वी विमानतळावरच खाऊन घ्यावे किंवा डबा जवळ ठेवावा.

तिथीचाही विचार येथेच करावा. पंचांगातील तिथी चंद्र-सूर्यांच्या अंतरावरून ठरते. तिचा आरंभ आणि अंत साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो. पण सूर्योदय प्रत्येक गावी निराळा असतो. मुंबईच्या सूर्योदयाला असलेली तिथी न्यूयॉर्कच्या सूर्योदयापर्यंत, म्हणजे दहा-अकरा तासांनंतर, संपलेलीही असू शकते. म्हणून अष्टमी-चतुर्दशीचे नियम असणाऱ्यांनी मुंबईचे पंचांग घेऊन जाण्यापेक्षा तेथील संघाचे पंचांग पाहावे.

अशा प्रवासात पच्चक्खाण कोणते घ्यावे, वेळ निघाल्या गावाची धरावी की खिडकीतून दिसणाऱ्या सूर्याची, याचा निर्णय आपल्या गुरुमहाराजांकडूनच घ्यायचा असतो. आपण एवढेच करावे, की निघण्यापूर्वी आठ दिवस त्यांच्यासमोर वरचा हिशेब आकड्यांनिशी मांडावा आणि आपली प्रकृती व औषधे यांविषयी काही लपवू नये. विमानात बसल्यावर मनात शंका घेऊन राहण्यापेक्षा आधीच आगार ठरवून घेतलेले बरे.

थेट जावे की टप्प्याने?

मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर. बेरीज १२,९५० च्या आसपास. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज साधारण १२,७५०. म्हणजे टप्प्याने गेल्यास अंतर फारसे वाढत नाही. वाढतो तो वाट पाहण्याचा वेळ. दोन विमानांमधील थांबा, पुन्हा सुरक्षा-तपासणी आणि पुन्हा चढण-उतरण धरली, तर तीन ते सहा तास सहज अधिक जातात.

तरीही ज्येष्ठांसाठी टप्पा नेहमीच वाईट नसतो. सोळा तास एका जागी बसल्याने पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. मध्ये दोन-तीन तास चालायला मिळाले तर शरीर मोकळे होते. लंडनमार्गे प्रवासाचे दोन भाग बऱ्यापैकी समतोल पडतात; दुबईमार्गे गेल्यास दुसरा टप्पा चौदा तासांचा राहतोच. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी तेथेच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग लागत नाही. मात्र भाषेची अडचण असलेल्या, एकट्या जाणाऱ्या आई-वडिलांना मोठ्या परक्या विमानतळावर दुसरे विमान शोधावे लागणे हा मोठा ताण असतो. त्यांच्यासाठी थेट विमान आणि आधी सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची हाच निर्धास्त मार्ग.

निघण्यापूर्वीच्या काही गोष्टी येथे एकत्र देतो :

• जैन भोजन तिकिटाबरोबर आपोआप मिळत नाही. विमान कंपनीकडे ते आधी नोंदवावे लागते. त्याचे सांकेतिक नाव व्हीजेएमएल असे आहे. किमान दोन दिवस आधी नोंद झाली आहे ना, याची खात्री करावी. विमान बदलले गेले, तर पुन्हा विचारावे.

• उकाळलेले पाणी भरलेली बाटली सुरक्षा-तपासणीत अडते. शंभर मिलिलिटरहून अधिक द्रव हाताच्या पिशवीत चालत नाही. स्टीलची रिकामी बाटली न्यावी आणि विमानात गरम पाणी मागून घेऊन ते निववावे. लोणचे, चटणी, तूप मोठ्या सामानात ठेवावे.

• खाखरा, कोरडी भाकरी, शेव असा कोरडा जिन्नस चालतो. ताजी फळे आणि भाज्या अमेरिकेत नेऊ नयेत. जवळ जे खाद्य असेल ते तेथील अर्जात प्रामाणिकपणे लिहावे.

• औषधे हातातील पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. घड्याळ साडेदहा तासांनी मागे गेल्यावर सकाळची गोळी कधी घ्यायची, इन्सुलिन किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबाने लिहून घ्यावे.

• दर दीड-दोन तासांनी उठून चालावे. बसल्या जागी घोटे फिरवावेत. हृदयाचा विकार किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांची संमती घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

घरापासून घरापर्यंत

एक अंतर मात्र कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसते. सोळा तास हे विमानतळापासून विमानतळापर्यंतचे झाले. सांगलीच्या घरातून निघालेल्या माणसाला मुंबईपर्यंत सात-आठ तास, विमानतळावर तीन-चार तास, विमानात सोळा तास, तिकडे तपासणी आणि सामान यांत दीड-दोन तास आणि न्यू जर्सीच्या घरापर्यंत आणखी तास-दीड तास लागतात. बेरीज तीस तासांच्या आसपास जाते. तिकडून इकडे येतानाही दोन तासच काय ते वाचतात. शिवाय विमान आपल्या सोयीच्या क्षणी सुटत नाही. तिकीट मिळण्यात आणि विमानाची वेळ होण्यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणजे आज दुपारी फोन केला, तर मुलगा परवा सकाळच्या आधी दारात उभा राहणे कठीण.

या आकड्याचा विचार आनंदाच्या प्रसंगी कोणी करत नाही. तो डोळ्यांसमोर येतो घरातील वडीलधाऱ्याची प्रकृती अचानक ढासळते तेव्हा. आपल्या परंपरेत देह फार काळ ठेवू नये, अंत्यविधी शक्य तितक्या लवकर व्हावा, असा आग्रह आहे आणि त्यामागे सूक्ष्म जीवांच्या हिंसेचा विचार आहे. दुसरीकडे परदेशातील मुलाची एकदा मुख पाहू द्या ही विनवणी असते. रात्री दोन वाजता, रडणाऱ्या घरात, हा निर्णय कोणी घ्यायचा? कित्येक कुटुंबांत त्या रात्रीचा सल वर्षानुवर्षे राहतो. थांबलो नाही याचा मुलाला, थांबलो याचा कधी आईला.

म्हणून हा विषय शांतपणे, घरातील वडीलधारे स्वतः हिंडते-फिरते असतानाच बोलून ठेवावा. माझ्यासाठी थांबू नका किंवा अमुक तास थांबा, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, सर्व मुलांच्या कानावर घातलेले असले की नंतर कोणावर भार राहत नाही. मृत्यूची वार्ता देण्याच्या बाबतीतही एक पथ्य पाळावे. आजार गंभीर आहे, असे डॉक्टरांनी सांगताच मुलांना ते जसेच्या तसे कळवावे. उगीच काळजी नको म्हणून लपवलेले दोन दिवस पुढे कोणत्याही विमानाने भरून निघत नाहीत. तीस तास आधी निघालेला मुलगा जिवंत वडिलांना भेटतो, त्यांच्या कानात नवकार म्हणू शकतो. नंतर निघालेल्याच्या वाट्याला फोटो येतो.

परदेशातील मुलांनीही आपल्या बाजूची तयारी ठेवावी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरू देऊ नये. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर स्वतःचे आणि मुलांचे ओसीआय कार्ड हाताशी असावे. अमेरिकेत परतण्याचा व्हिसा वैध आहे ना, हे वर्षातून एकदा पाहावे. ऐनवेळी माणूस अंतरामुळे अडकतो त्याहून अधिक वेळा कागदामुळे अडकतो.

दिशांची मर्यादा

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत नावाचे एक गुणव्रत आहे. पूर्व, पश्चिम, वर, खाली अशा प्रत्येक दिशेला आपण किती दूर जाऊ याची मर्यादा त्यात स्वतः आखून घ्यायची असते. ज्या काळात बैलगाडी आणि गलबत हीच वाहने होती, त्या काळात आपल्या पूर्वसूरींनी अंतराला व्रताचा विषय केले. प्रवास करू नये असा त्याचा अर्थ नव्हता. ज्यांच्यासाठी हे सांगितले ते श्रावक बहुधा व्यापारी होते आणि त्यांना फिरावे लागतच होते. प्रवासामागचा लोभ मोजावा, हा त्यातील भाव होता. या व्रताच्या अतिचारांत एक मोठा मार्मिक आहे : घेतलेल्या मर्यादेचे विस्मरण होणे.

मुंबई-न्यूयॉर्क अंतर महिनाभरावरून सोळा तासांवर आले. उद्या ते आणखी कमी होईल. पण मुलगा घरी येतो तो अंतर कमी झाल्यामुळे येत नाही. त्याने निघण्याचे ठरवल्यामुळे येतो. आपल्या कुटुंबांनी बसून ठरवावे, की वर्षातून किती दिवस कोण कोणाकडे राहील, पर्युषणात मुले कोणत्या वर्षी इकडे येतील, आई-वडिलांना कोणत्या वयापर्यंत एवढा प्रवास झेपेल आणि त्यानंतर प्रवास करण्याची पाळी कोणाची. हे लिहून, तारखांनिशी ठरवले तर सोळा तास फार नाहीत. न ठरवता राहिले, तर एका गल्लीतील दोन घरेही वर्षभर भेटत नाहीत, हे आपण पाहतोच.